कुठले शिंदे?

विशाखापट्टणमला हिंदुस्तान शिपयार्डच्या आसपासच्या भागाचं नाव सिंधिया आहे. बसच्या पाटीवर तेच, पत्त्यातही तेच. ग्वाल्हेरच्या मराठा घराण्याचं आडनाव आंध्रच्या किनाऱ्यावर काय करतंय, असा प्रश्न तिथे गेलेल्या मराठी माणसाला पडल्याशिवाय राहत नाही. ग्वाल्हेर संस्थानची हद्द तिथवर कधी पोचली नव्हती. शिंद्यांपैकी कुणी तिथे वाडा बांधला नाही, जहागीर मिळवली नाही. नाव तिथे गेलं ते एका जहाजामुळे, आणि त्या जहाजापर्यंत जायचं तर सुरुवात सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडपासून करावी लागते.

एका आडनावाची माणसं, गावं, वास्तू आणि संस्था यांची यादी करायला बसलं की सगळ्यांना एकाच माळेत ओवण्याचा मोह होतो. आडनाव एक म्हणजे घराणं एक, असं आपण न बोलता धरून चालतो. प्रत्यक्षात आडनाव रक्ताने जातं तसं दत्तकाने जातं, देणगीतून जातं, खरेदी-विक्रीतूनही जातं, आणि परक्या लिपीत शिरलं की रूप बदलून दुसरंच होऊन बसतं. शिंदे या आडनावाने हे सगळे मार्ग वापरले आहेत, म्हणून उदाहरणाला तेच घेऊ.

आधी माणसांचं पाहू. मराठी आडनावं ढोबळमानाने तीन तऱ्हांनी पडली. गावावरून पडलेली, म्हणजे शेवटी ‘कर’ असलेली. वतनावरून किंवा कामावरून पडलेली: कुलकर्णी, देशमुख, पाटील, पोतदार. आणि कुळावरून आलेली: जाधव, मोरे, पवार, शिंदे. ‘कर’वाल्या आडनावातून निदान गाव कळतं. कुळाच्या आडनावातून तेही कळत नाही. म्हणूनच एखाद्याने “मी शिंदे” असं सांगितलं की गावाकडची जुनी माणसं लगेच विचारतात, “कुठले शिंदे?” उत्तरात मूळ गाव सांगायचं असतं. मग कुलदैवत, मग देवक, मग “अमक्या गावचे तमके तुमचे कोण?” सोयरीक जमवायची असेल तर ही चौकशी नीट होते, कारण कूळ आणि देवक एक निघालं तर लग्न होत नाही. एवढ्या चार प्रश्नांतून जे समजतं ते नुसत्या आडनावातून कधीच समजत नाही.

पूर्वी रोजच्या व्यवहारात आडनावाशिवाय भागत असे. स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गाव एवढं पुरायचं. इंग्रजी अमलात शाळेचा दाखला, पलटणीतली भरती, गिरणीची हजेरी, जमिनीचे कागद अशा प्रत्येक ठिकाणी आडनावाचा रकाना आला आणि तो भरावाच लागला. कुळाची नावं एकाच जातीपुरती नव्हतीच. त्यामुळे शहाण्णव कुळी मराठ्यांच्या यादीत शिंदे आहेत, तसेच कुणब्यांत आहेत, दलित समाजांत आहेत, ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांतही आहेत. आडनावावरून जात ओळखता येते असं मानणाऱ्यांनी शिंद्यांच्या वाटेला जाऊ नये.

ठळक नावंच घेऊन बघा. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे छोटं पुस्तक लिहिलं. बाईच्या माथी मारलेले दोष पुरुषांत नाहीत काय, असा खणखणीत सवाल करणारं ते पुस्तक पुढे कित्येक वर्षं विस्मरणात गेलं होतं. आज स्त्रीवादी लेखनाचा इतिहास त्यांच्याशिवाय सुरू होत नाही. विठ्ठल रामजी शिंदे जमखंडीचे, म्हणजे आजच्या कर्नाटकातले. जन्म १८७३. ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्मशास्त्र शिकून आले, प्रार्थना समाजाचं काम केलं आणि १९०६ मध्ये मुंबईत अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ काढलं. ‘महर्षी’ ही पदवी लोकांनी दिली. मराठा घरात जन्मून अस्पृश्य वस्तीत बिऱ्हाड करणाऱ्या या माणसाला दोन्हीकडून बोलणी खावी लागली, आणि माझ्या मते शिंदे आडनावाच्या सगळ्या माणसांत सर्वांत कमी वाचला गेलेला मोठा माणूस हाच.

प्रल्हाद शिंदे यांचा आवाज विठ्ठलाच्या भक्तिगीतांत आहे आणि भीमगीतांतही आहे. आनंद, मिलिंद हे मुलगे आणि आदर्श हा नातू यांनी तो वारसा चालवला. इथे आडनाव सरळ वंशाने चाललेलं दिसतं, गळ्यासकट. सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे २००३-०४ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते आणि पुढे देशाचे गृहमंत्री झाले. एकनाथ शिंदे २०२२ ते २०२४ मुख्यमंत्री होते. त्यांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं दरे. अभिनेते सयाजी शिंदेही साताऱ्याकडचेच. कण्हेरखेडही त्याच जिल्ह्यात. पण जिल्हा एक म्हणून भाऊबंदकी ठरत नाही. त्यासाठी वरचे चार प्रश्नच विचारावे लागतात.

क्रिकेटमधली एक गंमत इथेच सांगून टाकतो. सदू शिंदे हे लेगस्पिनर भारताकडून ७ कसोटी सामने खेळले, आणि १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी एका डावात ९१ धावांत ६ बळी घेतले. १९५५ मध्ये, ऐन तारुण्यात ते गेले. शरद पवार त्यांचे जावई. पवार २००५ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. त्याआधी १९९० ते १९९३ या काळात त्याच खुर्चीवर ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे होते. दोन अध्यक्ष, दोघांच्या मागे शिंदे आडनाव, आणि दोन्ही शिंद्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. याद्या फसतात त्या अशाच.

आता कण्हेरखेड. कोरेगाव तालुक्यातल्या या गावच्या पाटलांच्या घरातले राणोजी शिंदे पहिल्या बाजीरावाच्या पदरी चढत गेले आणि माळव्यात त्यांनी जम बसवला. १७४५ मध्ये ते वारले तेव्हा उज्जैन हे घराण्याचं ठाणं होतं. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत या घरावर जे ओढवलं ते क्वचितच कुणा घरावर ओढवलं असेल. थोरला मुलगा जयाप्पा १७५५ मध्ये नागौरजवळ मारला गेला. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी यमुनेकाठी बुराडी घाटावर पडले. जयाप्पाचा मुलगा जनकोजी पानिपतावर पकडला जाऊन मारला गेला, तुकोजीही त्याच लढाईत गेले. उरले महादजी. तेही पानिपतावरून जन्माचं लंगडेपण घेऊन परतले. त्यांचा वारसाहक्क मान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. त्यानंतर मात्र १७८२ चा सालबाईचा तह घडवण्यात ते मध्यस्थ होते, दिल्लीच्या बादशहाचा कारभार त्यांच्या हाती आला आणि द बॉयनसारख्या युरोपी सेनापतीने त्यांच्यासाठी कवायती पलटणी उभ्या केल्या. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला त्यांचं निधन झालं.

महादजींना मुलगा नव्हता. ‘शिंद्यांचा वंश’ या शब्दांची परीक्षा इथून सुरू होते. महादजींनंतर गादीवर आले ते दौलतराव, भाऊ तुकोजीचे नातू, दत्तक. दौलतरावही १८२७ मध्ये निपुत्रिक वारले. मग शिंद्यांच्याच भाऊबंदांतला मुकुटराव नावाचा मुलगा दत्तक घेऊन त्याचं नाव जनकोजीराव ठेवलं. तेही १८४३ मध्ये मुलाविना गेले, तेव्हा भागीरथराव नावाचा लहान मुलगा दत्तक आला आणि जयाजीराव झाला. ओळीने तीन वेळा आडनाव दत्तकविधानाने पुढे गेलं. शास्त्राने दत्तक मुलगा पूर्ण मुलगाच, त्यामुळे याला कुणी खोट म्हणणार नाही. पण बापाकडून मुलाकडे धागा सरळ आला अशी आपली जी कल्पना असते ती ग्वाल्हेरच्या बाबतीत खरी नाही. त्याच काळात सातारा आणि झाशी ही संस्थानं दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी खालसा केली. दत्तक मंजूर झाला म्हणून ग्वाल्हेरचं नाव टिकलं, हेही ध्यानात ठेवायला हवं.

दत्तकात मुलाचं पहिलं नाव बदलतं आणि ते बहुधा पूर्वजाचं ठेवतात. त्यातून दुसरा घोळ होतो. जनकोजी दोन, माधवराव दोन. एक माधवराव जयाजीरावांचे पुत्र. १८८६ मध्ये गादीवर आले आणि १९२५ मध्ये पॅरिसला वारले. दुसरे त्यांचे नातू, १९८६ ते १९८९ रेल्वेचा कारभार पाहणारे मंत्री. ३० सप्टेंबर २००१ रोजी मैनपुरीजवळ विमान अपघातात गेले. इतिहासाच्या पुस्तकात नुसतं ‘माधवराव शिंदे’ दिसलं तर साल पाहिल्याशिवाय पुढे वाचू नये. पहिल्या माधवरावांनी ब्रिटिश राजावरून मुलाचं नाव जॉर्ज जिवाजीराव ठेवलं होतं, तेवढं मात्र पुन्हा कुणी ठेवलं नाही.

आता रूपबदल. मराठीत शिंदे, हिंदीत सिंधिया, इंग्रजीत जुन्या कागदांत पाच-सहा तऱ्हा. कंपनी सरकारच्या लेखकांनी कानावर पडलं तसं लिहिलं, आणि त्यातलं एस-सी ने सुरू होणारं स्पेलिंग पक्कं झालं. त्यातल्या सी ला उच्चारात काही काम नाही. हिंदी रूपामुळे अनेकांना वाटतं की घराणं सिंधमधून आलं असावं. सिंधशी त्याचा काहीएक संबंध नाही. कर्नाटकातल्या मध्ययुगीन सिंद राजकुळाशी नातं जोडणारे अभ्यासक आहेत, पण ती निराळी गोष्ट. खुद्द ग्वाल्हेरात मराठी रूप एका ठिकाणी टिकून आहे: लष्कर भागातल्या एका मोहल्ल्याचं नाव आजही ‘शिंदे की छावनी’. दौलतरावांनी १८१० च्या सुमारास राजधानी उज्जैनहून तिथे हलवली, आणि जिथे तळ पडला त्या वस्तीचंच नाव लष्कर झालं.

म्हणजे आज एका आडनावाची दोन आडनावं झाली आहेत. साताऱ्यातले शिंदे आणि ग्वाल्हेरचे सिंधिया ऐकणाऱ्याला वेगळे वाटतात. त्यात वसुंधरा राजे यांच्यासारखी माणसं आडनाव लावतच नाहीत. २००४ साली महाराष्ट्रात सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री होते आणि राजस्थानात माहेरच्या शिंदे असलेल्या वसुंधरा राजे. ही जोडी तेव्हा फारशी कुणाच्या लक्षात आली नाही.

वस्तू आणि वास्तूंना नाव मिळतं ते बहुतेक वेळा पैसा किंवा सत्ता यांच्या मागोमाग. वानवडीची शिंदे छत्री हे सर्वांत साधं उदाहरण. महादजींनी तिथे शिवमंदिर बांधलं, तिथेच त्यांचं दहन झालं, आणि पुढच्या पिढ्यांनी त्यावर मोठी इमारत उभी केली. वाराणसीचा सिंधिया घाट एकोणिसाव्या शतकातला. दौलतरावांच्या पत्नी, कागलकर घाटग्यांच्या लेक बायजाबाई यांनी तो बांधवला. बांधकामाचा भार इतका झाला की घाट खचला. शेजारचं कललेलं रत्नेश्वर मंदिर आज पर्यटकांच्या फोटोंमुळे घाटापेक्षा जास्त प्रसिद्ध आहे. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडपही बायजाबाईंचाच, १८२८ चा, पण त्याला शिंद्यांचं नाव चिकटलं नाही. दान केलं म्हणजे नाव राहतंच असं नाही.

ग्वाल्हेरात उलट प्रकार आहे. तिथे बहुतेक ठिकाणी आडनाव नाही, पहिलं नाव आहे. जयविलास महाल जयाजीरावांचा, १८७४ मध्ये पुरा झालेला. शिवपुरीचं माधव राष्ट्रीय उद्यान माधवरावांचं. जिवाजी विद्यापीठ जिवाजीरावांचं. राजा स्वतःच्या राज्यात आडनावाने ओळखला जात नाही, त्याची गरजच पडत नाही. आडनाव पुढे येतं ते राज्य गेल्यावर, किंवा राज्याबाहेर. किल्ल्यावरची शाळा १८९७ मध्ये सरदारांच्या मुलांसाठी निघाली. सगळ्यांसाठी खुली झाल्यावर ती ‘सिंधिया स्कूल’ झाली. लोकशाहीतली नावं पाहा: विमानतळ आणि कृषी विद्यापीठ राजमाता विजयाराजे सिंधियांच्या नावाने, २०२० मध्ये त्यांच्या स्मरणार्थ निघालेलं १०० रुपयांचं नाणं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये भारत-बांगलादेश सामन्याने सुरू झालेलं श्रीमंत माधवराव सिंधिया क्रिकेट स्टेडियम. आता पूर्ण नाव लिहावं लागतं, कारण वाचणारी प्रजा नाही, नागरिक आहेत.

आणि आता ते जहाज. कॅनडियन पॅसिफिक कंपनीसाठी इंग्लंडात बांधलेलं ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे प्रवासी जहाज १८९१ पासून पॅसिफिक महासागरात ये-जा करत होतं. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा थोरल्या माधवरावांनी ते विकत घेतलं, त्यावर जखमी सैनिकांसाठी इस्पितळ थाटलं आणि नाव दिलं ‘लॉयल्टी’. निष्ठा अर्थातच ब्रिटिश साम्राज्याशी. युद्ध संपलं, जहाज विकायला निघालं. १९१९ मध्ये सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास आणि किलाचंद देवचंद यांनी ते घेतलं आणि स्वदेशी नौवहन कंपनी उभारली. जहाज शिंद्यांचं, म्हणून कंपनीला नाव शिंद्यांचं: सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. चौघांत शिंदे एकही नव्हता.

५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. साम्राज्यनिष्ठेच्या नावाचं जहाज इंग्रज कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान द्यायला निघालं होतं, आणि नाव बदलायची गरज कुणाला वाटली नाही. जहाज चारच वर्षांनी, १९२३ मध्ये, मुंबईत मोडीत काढलं गेलं. पण ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून १९६४ पासून पाळला जातो, आणि जहाजाबरोबर कंपनीला मिळालेलं नाव कंपनीजवळ राहिलं. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधलं सिंदिया हाऊस हे तिचं मुख्यालय होतं.

कंपनीला स्वतःची जहाजं स्वतःच बांधायची होती. त्यासाठी जागा ठरली विशाखापट्टणमची. २१ जून १९४१ रोजी राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तिथल्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली, आणि १४ मार्च १९४८ रोजी जवाहरलाल नेहरूंनी तिथे बांधलेलं पहिलं मोठं जहाज, ‘जलउषा’, पाण्यात सोडलं. १९५२ मध्ये कारखाना सरकारकडे जाऊन त्याचं हिंदुस्तान शिपयार्ड झालं. पाटी बदलली, पण कारखान्याभोवती वसलेल्या लोकांनी जागेचं नाव बदललं नाही. कण्हेरखेडच्या पाटलांचं आडनाव असं संस्थानिकाकडून जहाजावर, जहाजावरून कंपनीला, कंपनीकडून कारखान्याला आणि कारखान्याकडून वस्तीला मिळालं. चार पायऱ्या, आणि रक्ताचं नातं पहिल्याच पायरीवर संपलेलं.

गावांच्या नावांबाबत एक इशारा. वाडी ही बहुधा तिथे पहिल्यांदा वसलेल्या कुटुंबाच्या नावाने ओळखली जाते, त्यामुळे शिंदेवाड्या अनेक आहेत. कात्रजचा घाट उतरल्यावर साताऱ्याच्या रस्त्यावर एक लागते, आणि मुंबईत दादरला एक आहे, ती तिथल्या न्यायालयामुळे सगळ्यांना माहीत. नाशिक-पुणे रस्त्यावर तर शिंदे नावाचं अख्खं गाव आहे. पण नावात शिंद किंवा सिंद दिसलं की शिंद्यांचा संबंध जोडू नये. जिजाबाईंचं जन्मगाव सिंदखेड राजा हे जाधवांचं. खानदेशातलं शिंदखेडा, चंद्रपुरातलं सिंदेवाही यांच्याकडे पाहताना आडनावापेक्षा शिंदीची झाडं आधी आठवावीत.

स्वतः शोध घ्यायचा असेल तर तीन ठिकाणी बघावं लागेल. मराठी कोशांत ‘श’खाली शिंदे. हिंदी पुस्तकांत ‘स’खाली सिंधिया. इंग्रजी सूचीत एस-एच, एस-आय आणि एस-सी या तिन्ही अक्षरजोड्यांखाली, कारण एकाच पुस्तकात महादजी एकीकडे आणि विठ्ठल रामजी दुसरीकडे सापडतात. अठराव्या शतकातली मराठी पत्रं चाळत असाल तर आणखी एक गोष्ट. त्यांत महादजींचा उल्लेख बऱ्याचदा ‘पाटीलबावा’ असा येतो. नुसतं शिंदे आडनाव शोधत बसलात तर ते कागद हातून निसटतील.